सगळं बंद करून बघायचं

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या हॉस्पिटलात सगळे ‘समजा’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण इतक्या मोठ्याने की त्याला ऐकू जावं. कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. समजा वीज गेली. समजा ही केबल कुणाच्या पायात अडकली. समजा वरच्या मजल्यावर नळ उघडा राहिला आणि पाणी झिरपत खाली सर्व्हरच्या खोलीत आलं. लोकांना वाटतं, कॉम्प्युटरच्या नोकरीने माणूस असा झाला. अजिबात नाही. तो असाच जन्माला आला आणि मग त्याने स्वतःला शोभेल अशी नोकरी शोधून काढली.

लहानपणी आई बाजारात गेली की हा खिडकीत उभा. "ताई, समजा आई रस्ता चुकली." मी त्याच्याहून बरीच मोठी, त्यामुळे अक्कल शिकवायचा मक्ता माझ्याकडे. मी म्हणायची, "रोजचा रस्ता आहे, चुकेल कशी?" तर लगेच, "समजा रस्ताच बंद केला असेल." दप्तराचा पट्टा तुटेल म्हणून हा आधीच त्याला सुतळी बांधायचा, आणि सुतळी सुटेल म्हणून खिशात दुसरी सुतळी. स्वतःच्या लग्नात त्याने दोन गाड्या बोलावल्या होत्या, एक बंद पडली तर म्हणून. दोन्ही ठणठणीत निघाल्या. दुसरी गाडी रिकामीच आमच्या मागून आली आणि लोकांना वाटलं, आणखी कुणीतरी बडं माणूस यायचं राहिलंय. भावजय अजून ती रिकामी गाडी काढून त्याला चिडवते.

मी अगदी उलट. टेलिफोनच्या चौकशी विभागात माझी सगळी नोकरी झाली. लोक नाव सांगायचे, मी नंबर सांगायची. ज्याला नंबर हवा त्याने नाव सांगावं आणि गप्प बसावं. तो स्वतःची कहाणी सांगू लागला की मी "पुढे बोला" म्हणून त्याला वाटेला लावायची. ती सवय घरी आलीच. भावाचं ‘समजा’ सुरू झालं की माझं "पुरे" ठरलेलं. इतकी वर्षं माझं ‘पुरे’ त्याच्या ‘समजा’ला पुरून उरलं.

मग माझ्या घशात गाठ निघाली. ज्या अवजारावर जन्मभर पोट भरलं तेच बिघडलं. उपचार भावाच्याच हॉस्पिटलात, रेडिएशनच्या विभागात. पेशंट त्याला शेक म्हणतात. चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवतात, तो चापांनी टेबलाला अडकवतात आणि सगळे खोलीबाहेर जातात. दुखत काही नाही. पण आपलं डोकं कुणीतरी टेबलाला ठोकून ठेवलंय आणि दार बंद झालंय, हे डोक्याला कळत असतं. रविवार सोडून रोज जायचं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की खंड पडता कामा नये. मध्ये दिवस गेले की गाठीला सावरायला सवड मिळते. दुसरी ताकीद बोलण्याची होती. जेवढं कमी तेवढं बरं. थोड्याच दिवसांत ताकिदीची गरज उरली नाही. माझा आवाज फाटक्या कागदासारखा झाला आणि पाण्याचा घोट गिळताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. उपचार संपेपर्यंत मी भावाकडेच राहायला गेले.

आता त्या सर्व्हरचं सांगते, कारण सगळा घोर त्याचाच होता. शेकाचं मशीन खोलीभर मोठं, पण त्याला स्वतःचं डोकं नाही. प्रत्येक पेशंटच्या वेळी ते आधी विचारतं: हा कोण, किरण कुठल्या कोनातून सोडायचे, किती वेळ. उत्तर देणारा सर्व्हर तळमजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या कोठीशेजारच्या खोलीत. उत्तर आलं नाही तर मशीन किरण सोडत नाही, आणि नाही सोडत हेच बरं आहे. पण तो सर्व्हर म्हातारा झाला होता. त्याच्या डिस्क घरघरायच्या. दोनदा तो कामाच्या मध्यातच थिजला होता आणि पेशंट अंगावर हॉस्पिटलचे कपडे घालून ताटकळत बसले होते.

म्हणून भावाने नवी मांडणी केली. त्याने मला ती इतक्यांदा समजावलीय की मी माझ्या शब्दांत सांगू शकते. दोन नवी मशीनं आणली. ती म्हणजे दोन इमारती. त्यांत भाडेकरू राहतात: एक पेशंटांचे शेकाचे आराखडे सांभाळतो, एक वेळा सांभाळतो, एक आणखी कसलं तरी. हे भाडेकरू म्हणजे खरी मशीनं नव्हेत, मशीनच्या पोटात मशीनचं सोंग घेऊन राहणारी मशीनं. त्यांना व्हर्च्युअल म्हणतात. गंमत अशी की भाडेकरूंचं सामान इमारतीत नसतंच. ते तिसऱ्या एका पेटीत, दोन्ही इमारतींच्या सामायिक कोठारात असतं, आणि इमारती केबलने त्या कोठाराला जोडलेल्या असतात. एक इमारत कोसळली तर तिथले भाडेकरू दुसऱ्या इमारतीत जागे होतात. सामान हलवायचा प्रश्नच नाही. कोठारात पुन्हा सगळं दोन-दोन. लग्नातल्या दोन गाड्यांचीच ही सुधारून वाढवलेली आवृत्ती, असं मी म्हटल्यावर भावजय पोट धरून हसली आणि तो नाही हसला.

पहिली चाचणी सगळ्यांसमक्ष झाली. दुपारच्या सुट्टीत त्याने एका मशीनचा प्लग सरळ उपटला. पडदा क्षणभर गोठला, मग पुन्हा हलायला लागला. टाळ्या झाल्या. व्यवस्थापकांनी छोटंसं भाषण केलं. आम्ही पेशंट वर बसलो होतो तिथवर बातमी आली. माझ्या शेजारी बसवाले काका होते. हे शाळेची बस चालवायचे, त्यांच्याही मानेलाच शेक होता आणि त्यांनाही बोलायची बंदी. आमची मैत्री सगळी खाणाखुणांची. पंख्याखालची खुर्ची ते माझ्यासाठी स्वतःचा शर्ट टाकून अडवून ठेवायचे. बातमी ऐकून त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही अंगठे वर केले, जणू माझाच मुलगा पास झालाय.

त्या दिवसापासून माझा भाऊ गप्प झाला.

आधी मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एकदाचं समाधान झालं. पण भावजयीने मला स्वयंपाकघरात गाठलं. हातातलं ताट पुसता पुसता म्हणाली, "ताई, एक विचारू? हे हल्ली समजा म्हणत नाहीत."

मी मान डोलावली. म्हणजे, हो, ऐकलं नाही खरं.

"काल गॅस बंद केला का म्हणून सुद्धा नाही विचारलं. झोपायच्या आधी दार तीनतीनदा बघणारा माणूस, तसाच जाऊन पडला. मला भीती वाटते हो."

हा माणूस घाबरलेला असला की बडबडतो. बडबडायचा थांबला म्हणजे भीती बोलण्याच्या पलीकडे गेली.

उलगडा मापाच्या बाईंनी केला. मशीनचे किरण बरोबर मोजून सुटतात की नाही हे रोज सकाळी पाहणाऱ्या या बाई. त्यांच्याकडे प्लॅस्टिकचं एक डोकं आहे; माणसाच्या आधी ते टेबलावर झोपतं. बाईंच्या तोंडात दयामाया नाही, पण खोटंही नाही. त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "सोमवारपासून तुमची वेळ दुपारची का करून घेतलीत? सकाळी पहिला नंबर होता ना?"

मी करून घेतली नव्हती. मी हातानेच विचारलं, कुणी?

"तुमच्या भावाने. शनिवारी सगळं नव्या सर्व्हरवर जातंय. सोमवारी सकाळी त्यावर पहिला पेशंट बसवाले. आणि हे बघा, मला राजकारण कळत नाही, पण एक चाचणी त्यांनी यादीतून काढून टाकलीय. सगळं एकदम बंद करून पुन्हा चालू करायची. स्वतःच लिहिली होती, स्वतःच काढली. मी विचारलं तर म्हणाले, गरज नाही."

गरज नाही! ज्याने सुतळीला सुतळी ठेवली त्याला गरज नाही.

संध्याकाळी मी त्याला गॅलरीत धरला. माझा आवाज म्हणजे नुसती हवा. पण राग काढायला तेवढी पुरते. मी म्हटलं, "चाचणी का काढली?"

तो कुंडीतली माती बोटाने उकरत राहिला. मग म्हणाला, "एक मशीन पाडून बघितलं ना. झालं की."

"खोटं बोलू नकोस."

"सगळं बंद म्हणजे सगळं, ताई. वीज, बॅटऱ्या, जुना सर्व्हरसुद्धा. तो त्याच खोलीत, त्याच लाइनवर आहे. त्याच्या डिस्क कित्येक वर्षं थांबलेल्या नाहीत. एकदा थंड झाल्या की पुन्हा फिरतील याची खात्री नाही. आणि समजा..." इथे तो थांबला. किती दिवसांनी तो शब्द आला होता. "समजा नवंही उठलं नाही. मग आराखडे परत चढवायचे म्हणजे हॉस्पिटलबाहेर ठेवलेल्या प्रती आणायच्या, एकेक तपासायचा. आठवडा जाईल. तुझा आठवडा. डॉक्टर काय म्हणालेत ते माहितीय ना तुला?"

"आणि न बघता ठेवलं, आणि पुढे कधी वीज गेली तर?"

"तोपर्यंत तुझं संपलेलं असेल," तो म्हणाला.

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की माझा हात उठता उठता राहिला. त्याचं प्रेम कळत होतं मला. पण त्या प्रेमाची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी मानेवर टाकलेली होती. मी म्हटलं, "आणि पहिला नंबर बसवाल्यांचा. त्यांचा गळा काय उसना आणलाय?"

तो पुन्हा कुंडीकडे वळला. घशात निखारा ठेवल्यासारखं होत होतं, तरी मी बोलले. "रविवारी बंद करायचं. मी येऊन बसणार. आणि सोमवारी पहिला नंबर माझा."

त्याने विचारल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "पास झालंय ना सगळं? मग खाजवून खरूज कशाला काढताय?" मापाच्या बाई म्हणाल्या, "मग नव्या सर्व्हरवर शेक द्यायला माझी सही मिळणार नाही." विषय संपला.

शनिवारी त्याने सगळी कामं म्हाताऱ्या सर्व्हरकडून नव्या इमारतींत हलवली. रविवारी सकाळी आम्ही दोघं त्या खोलीत. खोली अरुंद, थंड. दोन उंच कपाटं, त्यांत लुकलुकणारे हिरवे दिवे, जमिनीवर निळ्या-पिवळ्या केबल नीट विंचरून बांधलेल्या. आवाज मात्र सतत; पंख्यांची घरघर, आणि तिच्या तळाशी म्हाताऱ्याची वेगळी, खरखरीत. शेजारून चादरींच्या साबणाचा वास येत होता. मला एका स्टुलावर बसवलं, हातात कोमट पाण्याची बाटली दिली. त्याने आधी भाडेकरू एकेक करून झोपवले. मग इमारती. मग कोठार. म्हाताऱ्यापाशी तो जरा घुटमळला आणि मग त्याचंही बटण दाबून धरलं. शेवटी भिंतीवरचा खटका खाली ओढला.

असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्याच घशातला घरघराट मला ऐकू यायला लागला. भाऊ खटक्यावर हात ठेवून उभा होता. मग त्याने तो वर केला.

कोठार आधी उठलं. पंखे गरजले, दिवे लागले. मग पहिली इमारत, मग दुसरी. तो पडद्यासमोर वाकून उभा होता. मी फक्त त्याच्या कानांकडे बघत होते. लहानपणापासून त्याची भीती कानांत दिसते. बराच वेळ ते कानांच्या रंगाचेच होते, आणि मग हळूहळू लाल झाले.

"कोठार सापडत नाही म्हणतंय," तो म्हणाला.

कोठार तर समोर होतं, हिरवे दिवे लावून. त्याने केबल काढून घातल्या, बदलून घातल्या. पहिली इमारत बंद करून चालू केली, मग दुसरी. दोन्ही उठायच्या, कोठार शोधायच्या आणि सापडत नाही म्हणून सांगायच्या. एकही भाडेकरू जागा झाला नाही. मग तो म्हाताऱ्याकडे वळला आणि त्याचं बटण दाबलं. आतून टक् असा आवाज आला. पुन्हा टक्. ती घरघर काही आली नाही. त्याने परत दाबलं. टक्, टक्. तो हात लावूनच उभा राहिला, आजाऱ्याच्या छातीवर ठेवतात तसा.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तोंडात होतं तरी कुठे म्हणा. हे मी करायला लावलं होतं. आता पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं: उद्या सकाळी वर माणसं येऊन बसणार, मुखवटे भिंतीवर टांगलेले राहणार, दिवसामागून दिवस जाणार. मी सगळ्यांच्या गळ्यांवर बसून न्यायनिवाडा करायला निघाले होते, आणि माझ्या हट्टापायी सगळेच अडकले.

टेबलावर त्याचा फोन वाजत राहिला. व्यवस्थापकच असणार. त्याने उचलला नाही. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. मला म्हणायचं होतं, ऊठ. मला म्हणायचं होतं, पुरे. नेहमीचाच शब्द. तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही, कोरडी कळ तेवढी आली. मग मी स्टुलावरून उतरून त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि हातानेच खूण केली: बोल.

त्याने वर बघितलं. मी पुन्हा खूण केली.

"काय बोलू?"

मी वाट बघितली. दुसरं काही करताच येत नव्हतं.

"समजा," तो म्हणाला आणि थांबला. मी त्याला कधी याच्यापुढे फारसं जाऊ दिलं नव्हतं. त्यालाही ते आठवलं असावं. त्याने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं आणि मग सुरू झाला. "समजा मीच ती इमारत आहे. वीज आली. मी जागा झालो. मला काही आठवत नाही. कोण मी, कुठे मी. एवढंच लिहून ठेवलंय की तुझं सामान कोठारात आहे. बरं. मग मी कोठाराला हाक मारणार. केबल आहे. ती ठीक आहे, मी बदलून बघितली. पलीकडे कोठार जागं आहे. त्याला हाक ऐकू यायला हवी. समजा ऐकूच जात नाही. का नाही जात? मी हाक कशी मारतो? नावाने." तो गुडघ्यावर बोट आपटत होता. "नावाने मारतो. मीच सगळीकडे नावं लिहिली. नुसते नंबर लिहिणं गबाळं दिसतं म्हणून. पण केबलवर नाव चालत नाही, नंबर लागतो. मग नाव देऊन नंबर घ्यावा लागतो. तो कोण देतं? तू जशी बसायचीस ना ताई, तशी एक बसलेली असते. चौकशीवाली. तिला विचारायचं, कोठाराचा नंबर काय? ती सांगणार. ती..."

तो थांबला. त्याच वेळी मलाही कळलं.

"ती भाडेकरू आहे," तो हळूच म्हणाला. "आधी ते काम म्हातारा करायचा. काल मी तिलाही आत हलवलं. तिचं सामान कोठारात आहे. ती स्वतःच कोठारात झोपलीय. कोठार सापडल्याशिवाय ती उठत नाही आणि ती उठल्याशिवाय कोठार सापडत नाही."

कपाटाची किल्ली कपाटात ठेवून त्याने कपाट ओढून घेतलं होतं. आणि हे करायला माझ्या भावाइतका काळजीखोरच माणूस लागतो. दुसरा कुणी असता तर चौकशीवालीला एखाद्या जुन्यापान्या मशीनवर बाहेरच ठेवून मोकळा झाला असता. याने विचार केला, समजा ते मशीन बंद पडलं, तर? म्हणून तिला सगळ्यांत सुरक्षित जागी नेऊन ठेवली. आणि त्या दुपारी एक प्लग उपटला तेव्हा काही बिघडलं नाही, कारण तेव्हा चौकशीचं काम म्हाताऱ्याकडेच होतं आणि तो जागा होता.

तो उठला. कीबोर्ड थेट पहिल्या इमारतीला जोडला. नाव खोडून तिथे कोठाराचा नंबर घातला, उघडा नंबर, गबाळा. दुसऱ्या इमारतीतही घातला. मी त्याच्या मागे उभी राहून त्याचा शर्ट धरला होता, का ते माहीत नाही. पडद्यावर एक ओळ आली. मग भराभर ओळी आल्या. चौकशीवाली उठली. आराखडेवाला उठला. वेळवाला उठला.

मला रडू आलं. त्याने पुन्हा खाली वाकून सगळं तपासलं, मग सगळे भाडेकरू परत झोपवले आणि जाऊन खटका खाली ओढला.

मी त्याच्या दंडावर चापट मारली. चांगली सणसणीत. आत्ता कुठे जिवात जीव आला होता.

"हाताने उठवलं ते खरं नाही, ताई," तो म्हणाला. "आपण नसताना उठायला हवं." आणि तो पुन्हा त्या शांततेत उभा राहिला. माझा घाबरट भाऊ म्हणून ज्याला जन्मभर हसले, त्याला मी त्या वेळी नीट पाहिलं. भीती त्याला माझ्यापेक्षा दसपट होती. मी असते तर देवाचे आभार मानून कुलूप लावून घरी गेले असते.

खटका वर गेला. यावेळी त्याने कशालाही हात लावला नाही. आम्ही दोघं स्टुलावर अर्धे अर्धे टेकून बसलो. सगळं आपलं आपण उठलं.

संध्याकाळी मापाच्या बाई आल्या. प्लॅस्टिकचं डोकं टेबलावर झोपवून त्यांनी नव्या सर्व्हरवरून शेक दिला, मोजला, पुन्हा दिला, पुन्हा मोजला. मग चष्मा काढून म्हणाल्या, "जुळतंय." भावाने चौकशीवालीची एक जोडीदारीण बाहेर छोट्या मशीनवर बसवली आणि व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, काही होणार नाही."

सोमवारी पहिला नंबर माझा. बसवाले काका पंख्याखालची खुर्ची अडवून बसले होते. यादी बघून त्यांनी भुवया उंचावल्या: तुम्ही आधी? मी मान हलवली. त्यांनी हात लांब करून, जा, असं अदबीने सुचवलं, मुलांना बसमध्ये आधी चढू देतात तसं.

टेबलावर आडवी झाले. मुखवटा बसला, चाप लागले. मशीनवाला म्हणाला, "ताई, हलू नका," आणि दार बंद झालं. रोज यानंतर लगेच मशीन फिरायला लागतं. त्या दिवशी नाही लागलं. खरं तर लागायला जरासाच उशीर झाला असेल. मुखवट्यातून घड्याळ दिसत नाही. पण जन्मात पहिल्यांदा मला भावाचा तो शब्द माझ्या आत ऐकू आला, आणि एकदा सुरू झाला तो थांबेना. समजा आराखडा दुसऱ्याच कुणाचा उघडला. समजा प्लॅस्टिकच्या डोक्याला जे जुळलं ते माझ्या डोक्याला जुळलं नाही. डोकं हलवता येत नव्हतं. गिळता येत नव्हतं. मनात काय काय आलं, ते सगळं सांगण्यासारखं नाही. मग मशीन हललं, नेहमीच्या बाजूने, नेहमीसारखं गुणगुणत.

बाहेर आले तर भाऊ कुठे दिसेना. मशीनवाला म्हणाला, "आत्तापर्यंत इथे काचेपाशीच होते की." मी जिना उतरून खाली गेले. चादरींच्या कोठीसमोर, शेवटच्या पायरीवर तो बसला होता. चेहरा धुतलेला, कॉलर ओली. मी शेजारी बसले.

"झालं ना नीट?" त्याने विचारलं. मी मान हलवली.

त्याने ओली कॉलर पिळली. मग म्हणाला, "ताई, तुला खरं सांगतो. तू आत होतीस ना, मशीन सुरू व्हायच्या आधी, तेव्हा मला वाटत होतं की आत बसवाले असते तर बरं झालं असतं. इतकं सगळं तपासलं, स्वतः दोनदा बंद करून बघितलं, तरी वाटलं. तुझ्या जागी दुसरं कुणीही असतं तरी चाललं असतं मला."

मी घोटभर पाणी प्याले. ते खाली उतरेपर्यंत थांबले, कारण हे मला खुणेने सांगायचं नव्हतं.

"मलाही तेच वाटत होतं," मी म्हटलं. "त्यांचंच नाव घेत होते."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. वर बसवाल्यांना हाक मारल्याचा आवाज आला, आणि मग दार बंद झाल्याचा.